टूथपेस्टमधली हाडं

बारीक अक्षर वाचण्यात मालवण तालुक्यात माझा हात धरणारा कोणी असेल, तर त्याने खुशाल समोर यावं! चौतीस वर्षं पोस्टात काढली आहेत मी, त्यातली शेवटची नऊ पोस्टमास्तर म्हणून. कोळंबीच्या मिशांसारखी वळवळणारी अक्षरं, पावसात भिजून शाईचे ओहोळ झालेले पत्ते, 'तिठ्यावरसून खाली, फणसाच्या बाजूक, बाबल्याच्या आवशीक मिळे' असला मजकूर, सगळं वाचून मी बरोबर घरी पोचवलं आहे. माझ्या हातून एकही पत्र 'पत्ता समजला नाही' म्हणून परत गेलेलं नाही!

आता निवृत्त झालो. देवबागेतल्या आमच्या घराच्या दोन खोल्या माझी बायको ईडा पर्यटकांना देते. रांधते ती, खोल्या झाडते ती, गाद्या उन्हात टाकते ती. मी पाहुण्यांना माहिती देतो. माहिती कसलीही! भरती कधी, ओहोटी कधी, डॉल्फिन दिसेल का, जगात मंदी का आली. पाहुण्यांनी विचारायचं आणि मी सांगायचं. 'मला माहीत नाही' एवढं तीन शब्दांचं वाक्य माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. निघायला हवं होतं. निदान त्या गुरुवारी तरी.

त्या गुरुवारी ईडा म्हापशाला तिच्या बहिणीकडे गेली होती. घरात मी आणि कोल्हापूरचे एक पाहुणे, जितेंद्र नावाचे. सकाळी ते मागीलदारी नळावर दात घासत उभे होते. तोंडात हा फेस! अचानक ते थांबले, हातातल्या ट्यूबकडे बघितलं आणि फेसातूनच विचारलं, "काका, ह्या पेस्टमध्ये असतंय काय ओ नेमकं?"

"दंतशुद्धीचे क्षार!" मी ताबडतोब म्हणालो.

"म्हणजे कुठले?"

हा कोल्हापूरचा माणूस चिवट निघाला. मी म्हटलं, "आणा इकडे, वाचून दाखवतो."

पोस्टाची तिकिटं तपासायचं माझं जुनं भिंग मी बाहेर काढलं, ट्यूब उन्हात धरली आणि सुरू केलं. सॉर्बिटॉल! हायड्रेटेड सिलिका! डायकॅल्शियम फॉस्फेट! ग्लिसरीन! सोडियम लॉरिल सल्फेट! कॅराजीनन! टायटॅनियम डायऑक्साइड! सोडियम फ्लोराइड! एकदाही अडखळलो नाही. लहानपणी आमच्या चर्चमध्ये एक म्हातारे पाद्री लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणायचे, त्यांच्यासारखं मला वाटलं. उच्चार खणखणीत, अर्थ देवाला ठाऊक!

"अर्थ काय ह्यांचा?" जितेंद्रांनी चूळ भरत विचारलं.

"बघून सांगतो."

मी मोबाईल घेऊन बसलो आणि एकेक नाव टाकायला लागलो. प्रत्येक नावाची पहिली ओळ वाचायची, की पुढचं नाव. दुसरी ओळ कोण वाचतो! पोस्टात आम्ही पाकिटावरचा पत्ता वाचायचो, आतलं पत्र नव्हे. मला वाटलं, इथेही तोच नियम चालतो.

सिलिका म्हणजे रेती. रेती! एका बाजूला खाडीची रेती, दुसऱ्या बाजूला समुद्राची रेती, मधल्या चिंचोळ्या पट्टीत रेतीवरच आमचं गाव, आणि आम्ही दुकानातून रेती विकत आणतो? कॅराजीनन म्हणजे समुद्रातलं शेवाळ. टायटॅनियम डायऑक्साइड, जे पांढऱ्या रंगात घालतात. म्हणजे आमच्या होड्यांना लावतात तो रंग. लॉरिल सल्फेट, साबणाचा फेस. आणि डायकॅल्शियम फॉस्फेट? मोबाईल म्हणाला, 'कॅल्शियम फॉस्फेट हा हाडांचा मुख्य घटक आहे.'

मी खुर्चीतून उठलोच! कोलंबसाला जमीन दिसली तेव्हा तोही असाच उठला असेल. हे कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. पण जितेंद्र तोवर ट्यूब माझ्याकडेच सोडून स्कूबाच्या बोटीकडे निघून गेले होते.

दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे आनंदीकाकी होती.

आनंदीबाई आमची शेजारीण. वय चौऱ्याहत्तर, तोंडात स्वतःचे अकरा दात, आणि त्या अकरांचा इतरांना बत्तीसांचा नसेल एवढा अभिमान. तिचा मुलगा सुशांत जहाजावर खलाशी आहे. मध्यंतरी त्याचं जहाज कुठल्याशा परक्या बंदरात चार महिने अडकून पडलं. ना पगार, ना सुटका. तेव्हा काकीनं सोळा सोमवार धरले. देवबागेतल्या बाईनं सोमवार पाळणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. दारासमोर होडी लागलेली, टोपलीत सुरमई तडफडते आहे, आणि हिच्या घरात शिवराक! कांदासुद्धा नाही! चौदाव्या सोमवारनंतर सुशांत घरी आला. सोळा पुरे झाले. येत्या सोमवारी उद्यापन होतं. सोळा जोडपी जेवायला सांगितली होती, चुरम्यासाठी गहू दळून आले होते.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी गडग्यावर कोपर टेकून म्हणालो, "काकी, तू दात कित्यान घासतंस?"

"पेस्टीन. कित्याक रे?"

"तेच्यात काय आसता, म्हायत आसा?"

"काय आसतला! पुदिनो."

"पुदिनो!" मी हसलो. ते हसू मला अजून आठवतं. आठवलं की उशीत तोंड घालावंसं वाटतं. "आयक. एक, रेती. दोन, शेवाळ. तीन, होडयेचो रंग. चार, साबण. आणि पाच..." इथे मी थांबलो. नाटकात थांबतात तसा. "हाडां!"

काकीच्या हातात तुळशीचा तांब्या होता.

"कसली हाडां?"

"जनावरांची! आनी कसली? फॉस्फेट म्हणजे हाडां. मी सोता वाचलंय."

"सोमवारी पण?"

"काकी, पेस्टीक वार कळता काय!"

हा विनोद मला इतका आवडला की मी तो दोनदा केला. काकीनं तांब्या तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि ती आत गेली. तुळशीला पाणी घालायचं राहिलं होतं. ते माझ्या लक्षात आलं, पण मला वाटलं, माझ्या ज्ञानानं बाई भारावली!

शुक्रवारी सकाळी मी पाव आणायला बाळाच्या दुकानात गेलो. बाळा म्हणजे आमच्या वाडीतला किराणावाला. एरवी "येवा मास्तरानू!" म्हणून स्टूल पुढे करणारा माणूस. त्या दिवशी त्यानं स्टूल माझ्या देखत आत ओढून घेतलं.

"मास्तरानू, ह्या बगा!"

काउंटरवर टूथपेस्टच्या ट्यूबा पडल्या होत्या. वीसेक तरी! काही अर्ध्या, काही शेपटीपासून गुंडाळत आणलेल्या, एक तर कात्रीनं कापून पोट उघडं केलेली. मासळीबाजार संपल्यावर उरलेल्या बांगड्यांसारख्या निपचित.

"ह्या काय?"

"माकाच इचारतास? सकाळपासून बायलमाणसां हाडून टाकतत! म्हणतत, हाडांची पेस्ट तुझी तू परत घे! ती राधाबाई तर म्हणाली, तीन वर्सां माझ्या तोंडात मढा घातलंस, शिरा पडो तुझ्या दुकानार! आता ही अर्धी चावलेली ट्यूब मी कोणाक इकू?"

"अरे, पण कोणी सांगितल्यान तेंका?"

बाळानं त्यातली एक ट्यूब उचलून माझ्याकडे रोखली. पाव न घेता मी मागे फिरलो.

घरी आलो तर पुढच्या अंगणात, खळ्यात, संचिता उभी. ही आनंदीकाकीची सून. वालावलची, स्वभावानं शांत. मोठ्यानं बोललेली मी कधी ऐकली नव्हती. आजही मोठ्यानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"काकानू, आयेक तुमी काय सांगितलात?"

"मी? मी म्हणजे... माहिती दिलंय."

"काल दुपारपासून ती जेवूक नाय. नुसती पेज घेतल्यान, ती पण अर्धी. तिका साखर आसा, तुमका म्हायत आसा. म्हणता, सोळाच्या सोळा सोमवार बाटले, हाडां तोंडात घालून मी देवाचा नाव घेतलंय. उद्यापन रद्द केल्यान. सोळा घरांका फोन करूक सांगितल्यान. आता परत पैल्यापासून सोळा सोमवार करतली म्हणता."

"करूंदे की. चांगला काम ता..."

"काकानू, हेंची सुट्टी तीन आठवडे उरली. ज्येच्यासाठी केल्यान, तोच उद्यापनाक नसतलो."

ती डोळ्याला पदर लावून निघून गेली. मी खळ्यात उभा. समोर समुद्र होता. त्यात उडी मारायचा विचार मनात आला, पण ओहोटी होती. गुडघाभर पाण्यात माणूस आणखीच हास्यास्पद दिसतो.

आता सरळ मार्ग काय होता, ते सांगतो. ईडाच्या भावाची मुलगी सिल्व्हिया कुडाळला दातांची डॉक्टर आहे. दातांची! तिचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. एक फोन केला असता तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं. पण ह्या पोरीला मी मांडीवर बसवून एबीसीडी शिकवली होती. तिला मी विचारायचं, की बाय गो, टूथपेस्टमध्ये काय असतं? छे! मी हे प्रकरण ज्ञानानंच निस्तरायचं ठरवलं. माझ्याच!

संध्याकाळी काकीकडे गेलो. ती ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा एवढासा झाला होता. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर घेतल्या असत्या.

पण ती म्हणाली, "विन्सेंटा, बरा झाला तू वाचलंस. नायतर माका मरेसर कळला नसता."

हे फार वाईट होतं. तुम्ही एखाद्याच्या पायावर दगड टाकावा आणि त्यानं उठून तुमचे आभार मानावेत, तसं!

"काकी, आयक," मी म्हटलं. "नकळत झाला ता पाप नाय. तू उद्यापन कर. सोमवारी तोंडात शुद्ध वस्तू जाऊक होयी ना? मी तुका सोता दात घासूची पावडर करून देतंय. एकदम शुद्ध!"

"शुद्ध?"

"शंभर टक्के!"

सुशांत बाजूला उभा होता. तोही म्हणाला, "आये, काका एवढे सांगतत तर कर. माझ्यासमोर होऊंदे." काकीनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू सांगतंस म्हणान करतंय हां," ती म्हणाली. संचितानं लगेच सोळा घरांना परत फोन लावले.

घरी येऊन मी पुन्हा मोबाईल उघडला. दात स्वच्छ करायला पेस्टमध्ये आणखी काय वापरतात? कॅल्शियम कार्बोनेट! म्हणजे काय? खडू, संगमरवर, शिंपले. संगमरवर! देवळात असतो तो! ह्याहून शुद्ध काय असणार? आता देवबागेत संगमरवर कुठून आणायचा? पण शिंपले? आमच्या मागीलदारी माडाच्या मुळाशी शिंपल्यांचा ढीग पडलेला होता. ईडा पाहुण्यांना तिसऱ्यांचं सुकं करून घालते. त्या तिसऱ्यांची रिकामी कवचं.

तुम्ही आत्ता कपाळावर हात मारला असेल. मी मारला नाही. मी शपथेवर सांगतो, मला त्यात फक्त कॅल्शियम कार्बोनेट दिसत होतं. भिंगातून बघायची सवय लागली की माणसाला भिंगाबाहेरचं दिसत नाही.

शनिवारी सकाळीच कामाला लागलो. शिंपले तीनदा उकळले, उन्हात वाळवले, पाट्यावर फोडले आणि ईडाच्या मिक्सरात घातले. मिक्सर सुरू केल्याबरोबर असा आवाज झाला, की खाडीतली एक पर्यटकांची बोट वेग कमी करून आमच्या घराकडे बघायला लागली! झाकण उडालं. एक तुकडा येशूच्या तसबिरीच्या काचेवर आपटला. तिसऱ्या फेरीनंतर मिक्सरच्या पात्यांना धार नावाची गोष्ट राहिली नव्हती, पण पीठ पडलं होतं. ते ईडाच्या मलमलच्या ओढणीतून चाळलं, त्यात लवंग आणि कापूर कुटून घातला. आधी स्वतःवर प्रयोग केला. दात पांढरे झाले, हिरड्या लाल झाल्या. रंगसंगती बरी होती.

मग काचेची बाटली, त्यावर कागद, कागदावर माझं पोस्टमास्तरी वळणदार अक्षर: 'घटक: नैसर्गिक कॅल्शियम, लवंग, कापूर.' ट्यूबवरच्या यादीत सतरा नावं होती. माझ्या यादीत फक्त तीन, आणि त्यातलं पहिलंच मी झाकून लिहिलं होतं. तेव्हा ते जाणवलं नाही. 'शिंपले' लिहिण्यापेक्षा 'नैसर्गिक कॅल्शियम' जरा भारदस्त वाटलं, इतकंच.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आलो आणि बाटली काकीच्या हातात दिली. तिनं झाकण उघडलं, वास घेतला, पुन्हा घेतला. मग थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, कृतज्ञता!

"तू सोता केलंस?"

"सोता! अख्खो दिस खपलंय."

"बरा," ती म्हणाली आणि बाटली पदराखाली घेऊन आत गेली.

सोमवार उजाडला. नऊच्या सुमारास ईडा रिक्षातून उतरली आणि तिच्यामागून उतरली सिल्व्हिया! दवाखाना बंद ठेवून काकीच्या उद्यापनाला आली होती. दोघी येता येता बाळाच्या दुकानावरून आल्या होत्या. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. ईडा तडक स्वयंपाकघरात गेली. तिथून आवाज आला, "विन्सेंट! माझ्या मिक्सरात रस्त्याची खडी दळलंस काय?"

सिल्व्हिया मात्र हसत होती. "अंकल, चला माझ्याबरोबर. आणि ती ट्यूब घ्या सोबत."

काकीच्या खळ्यात मांडव घातला होता. पाहुणी जोडपी जमत होती, भटजी पाटावर पूजेची मांडणी करत होते. बाळा आला होता, शापवाली राधाबाई आली होती. सिल्व्हियानं काकीला नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काकी, पेस्टमध्ये हाडां आसत म्हणान कोणी सांगितला?"

पन्नास डोळे माझ्याकडे वळले, मग सांगायची गरजच काय!

"अंकल, ट्यूबवर हा काय आहे, वाचा बघू."

"ते अक्षर नाही गो. नुसता हिरवा ठिपका आहे."

"बरोबर! अक्षर नाही म्हणून तुम्ही वाचला नाही. पेस्ट शाकाहारी असल्याची खूण आहे ती. बिस्किटांच्या पुड्यावर असते तीच."

चौतीस वर्षं मी पाकिटावरचं तिकीट आधी बघायचो आणि मग पत्ता! आणि इथे, भिंग हातात घेऊन...

"पण फॉस्फेट?" मी शेवटचा किल्ला लढवला. "फॉस्फेट हाडांत असतंच की नाही?"

"असतं. आपल्या हाडांत असतं, दगडातही असतं. ह्या ट्यूबमधलं दगडापासून केलेलं आहे. पाणी गटारात पण असतं ना अंकल? म्हणून काकी तुळशीला घालते ते पाणी गटाराचं होत नाही!"

मांडवात हशा पिकला. बाळा सगळ्यांत मोठ्यानं हसला. हक्कच होता त्याचा.

मग सिल्व्हियानं ट्यूब हातात धरून एकेक नाव सांगितलं, जसं ते मला गुरुवारी कळायला हवं होतं. सिलिका आपल्या किनाऱ्यावरची रेती नव्हे, दातांवरचा थर घासून काढणारी अगदी मऊ भुकटी. सॉर्बिटॉल आणि ग्लिसरीन पेस्ट सुकू देत नाहीत. शेवाळातलं कॅराजीनन तिला घट्ट धरून ठेवतं, नाहीतर पाणी वेगळं आणि पीठ वेगळं होईल. लॉरिल सल्फेट फेस करतं. टायटॅनियम नुसतं पांढरेपणासाठी, दातांना त्याचा काही उपयोग नाही. आणि सगळ्यांत कामाचं फ्लोराइड, दात किडू नयेत म्हणून. "तेच तुम्ही फेकून दिलंत!" ती बायकांना म्हणाली. "कुठल्या पदार्थाचं नाव काय, एवढ्यानं काही कळत नाही. तो कशातून काढला आणि कशासाठी घातला, ते विचारायचं."

कशातून काढला!

कॅल्शियम कार्बोनेट मी कशातून काढलं होतं? तिसऱ्यांतून! सोमवारी, उद्यापनाच्या दिवशी, व्रताच्या बाईच्या तोंडात मी तिसऱ्यो घातल्या होत्या. तिचे सोळा सोमवार अगदी स्वच्छ होते. बाटवला होता तो आजचा, आणि तो मी बाटवला होता!

कसाबसा उभा राहिलो. म्हणालो, "मी वाचलंय, पण माका समजूक नाय. सगळ्यांची माफी मागतंय. बाळा, तुझी पण."

पुढे तेही सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण संचिता मध्येच म्हणाली, "जाऊंदे काकानू! तुमी आयेसाठी एवढी शुद्ध पावडर केलात. आज आये तीच लावन बसली आसा!" आणि तळाला आलेली बाटली तिनं सिल्व्हियाच्या हातात दिली.

सिल्व्हियानं लेबल वाचलं. "नैसर्गिक कॅल्शियम म्हणजे कसलं, अंकल?"

"म्हणजे... नैसर्गिक."

ईडा मांडवाच्या टोकाला उभी होती. तिनं आधी बाटलीकडे बघितलं, मग गडग्यापलीकडे, आमच्या माडाच्या मुळाशी, जिथे काल-परवापर्यंत ढीग होता. मग माझ्याकडे. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. राग नव्हता त्यात. 'अरे देवा' एवढंच होतं.

भटजींनी हाक मारली, "यजमानीण बाई, चला, बसा पाटावर."

काकी उठली. आता गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं मला. कोणाला काही कळणार नव्हतं. पूजा झाली असती, चुरमा वाटला असता, ईडानं मला घरी काय ते सुनावलं असतं. पण काकी नऊवारी सावरत पाटाकडे निघाली, वाटेत सुशांतच्या गालावरून हात फिरवला, आणि माझ्यानं राहवलं नाही. मी धावत जाऊन तिला गाठलं.

"काकी, भुतूर ये. एक काम आसा."

"आता? भटजी थांबलेत मेल्या!"

"आताच."

स्वयंपाकघराच्या दाराआड मी तिच्यासमोर उभा राहिलो. बासष्ट वर्षांचा माणूस, माजी पोस्टमास्तर, आणि दोन्ही हातांनी कान धरलेले. शाळेत मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावताना सापडलो होतो, तेव्हाही ते असे धरले नव्हते.

"काकी, ती पावडर... ती शिंपल्यांची आसा. तिसऱ्यांच्या. माझ्या डोक्यातच इला नाय गो. खराच सांगतंय. तुझो सोमवार मी बाटवलंय. काय शिक्षा देवची ती दी."

बाहेर भटजी घंटा वाजवून बघत होते.

"झाला सांगून?" तिनं विचारलं.

"झाला."

"मेल्या, साठ वर्सां मी तिसऱ्यो निवडतंय. माका तेंचो वास कळाचो नाय? कापूर घातलंस म्हणान तिसरी लपता काय?"

"म्हणजे तू... लावलंस नाय?"

"आंब्याच्या पानान दात घासलंय. माझी आवस घासायची तशे."

"मगे बाटली रिकामी कशी झाली?"

"माशांच्या आडाळ्याक लावलंय. काल रातच्याक. काय निघालो रे! आरश्यासारखो!"

आडाळो म्हणजे मासे कापायची विळी. एका कोपऱ्यात, फडक्यात गुंडाळून, सोमवारसाठी दूर ठेवलेला. पण फडक्याबाहेर टोक चमकत होतं, ते मला दाराआडूनही दिसलं.

"काल तोंडार कित्याक सांगितलंस नाय?" मी विचारलं. "आता मांडवात तरी!"

"काय सांगू? तू बाटली घेवन इलंस तेवा तुझा तोंड कसा होता, तुका म्हायत आसा? पैल्या नंबरान पास झालेल्या झिलासारखा." तिनं पदर खांद्यावर घेतला. "आणि मांडवात अगोदरच एवढी माणसां तुका हसली. आणखी कित्याक?"

ती बाहेर गेली आणि पाटावर बसली. मी दाराआडच उभा राहिलो. पूजा संपेपर्यंत मला बाहेर यायचं धाडस झालं नाही. तिला दीड दिवस उपाशी ठेवणारा मी, आणि माझी अब्रू दोन दिवस पदराखाली झाकून ठेवणारी ती. गुरुवारी तिनं हातातून खाली ठेवलेला तो तांब्या आठवला, आणि मी जो विनोद दोनदा केला होता तोही.

दुपारी पंगत बसली. ईडा आणि मी कडेच्या पानावर. मी मान खाली घालून केळीच्या पानाच्या शिरा मोजत होतो. काकी स्वतः चुरमा वाढत आली. तोंडावर उपासाचा थकवा होता, पण अकराही दात दिसत होते. सुशांत मागून तुपाचं भांडं घेऊन येत होता. माझ्या पानासमोर ती थांबली आणि भला मोठा गोळा वाढला.

मला आपलं वाटलं, काहीतरी बोलावं. विचारलं, "काकी, ह्येच्यात काय काय घातलंस गो?"

अख्खी पंगत थांबली. ईडानं कपाळाला हात लावला.

"खा गपचूप!" काकी म्हणाली.